माळशेजला निघताय? आधी हे वाचा

ठाण्याहून माळशेज घाट साधारण 110 किलोमीटर. कल्याण, मुरबाड, टोकावडे असा सरळ रस्ता. गाडी नसेल तर लोकलने कल्याण गाठा आणि तिथून आळेफाटा किंवा नगरकडे जाणारी एसटी पकडा. पहाटेच निघा, शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तमच. पेट्रोल आणि रोख पैसे यांची सोय मुरबाडलाच करून ठेवा.

निघण्याच्या आदल्या दिवशी जिल्हा प्रशासनाचा आदेश बघायला विसरू नका. पावसाळ्यात धबधब्यांवर अनेकदा मनाईहुकूम लागू असतो आणि मोडला तर गुन्हा दाखल होतो. खारघरच्या पांडवकड्यावरही अशीच बंदी असते. 'बाजूच्या वाटेने नेतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याचं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस कोसळत असू शकतो. पाय पाण्यात असताना नितळ पाणी अचानक गढूळ झालं, त्यातून पालापाचोळा, काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा आवाज जड झाला, तर फोटो, चपला, डबा सगळं सोडून बाहेर या. आधी मुलांना बाहेर काढा. तिथे मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. शेवाळलेल्या दगडावर गुळगुळीत तळव्याच्या सँडल अजिबात नकोत.

घाटात कड्याला लागून गाडी उभी करू नका, दरडी कोसळतात. धुकं दाटलं की हेडलाइट लो बीमवर ठेवा. अंधार पडायच्या आत घाट उतरायला लागा.