लहान चाकाच्या सायकलला डिस्क ब्रेकचा फोर्क शोधताय? या चुका टाळा

घडीच्या सायकलला किंवा मिनीव्हेलोला (लहान चाकांच्या साध्या सायकलला) पुढे डिस्क ब्रेक लावायचं ठरवलं, की घोडं अडतं ते फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर. कॅलिपर (पॅड दाबणारा भाग), रोटर (चाकासोबत फिरणारी चकती), लिव्हर हे सगळं मोठ्या सायकलींचंच चालतं आणि सहज मिळतं. पण लहान चाकाला शोभेल एवढा आखूड, डाव्या पायावर डिस्कचा माउंट (कॅलिपर बसवायचा टॅब) असलेला आणि आपल्या फ्रेमच्या हेडट्यूबमध्ये (पुढच्या नळीत) बसणारा चिमटा शोधायला निघालं, की हाती मोजकेच पर्याय लागतात. मग ‘टॅब आहे ना, बाकीचं बघून घेऊ’ म्हणत माणूस पैसे मोकळे करतो. माझ्या मते टॅब सगळ्यात शेवटी बघावा. आधी मापं घ्यावीत.

‘वीस इंची’ एवढ्यावरच विसंबणं

वीस इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या चाकांत निदान दोन वेगळ्या रिम असतात: ४०६ आणि ४५१. सोळा इंचीत ३०५ आणि ३४९. अठरा इंची घडीच्या सायकलींना बहुतेक ३५५. हे आकडे म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. टायरच्या बाजूवर ५०-४०६ किंवा २८-४५१ असं उठावात लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिम. खरेदीआधी तो वाचून लिहून ठेवा.

रिम ब्रेक असताना हा फरक जीवघेणा ठरतो. ४०६ आणि ४५१ यांच्या त्रिज्येत साडेबावीस मिलिमीटरचं अंतर पडतं आणि व्ही-ब्रेकचे पॅड तेवढे वर-खाली सरकत नाहीत. डिस्कला मात्र रिमशी देणंघेणं नसतं, त्यामुळे इथे एक पळवाट निघते. ५०-४०६ची बाहेरची त्रिज्या होते साधारण २५३ मिमी (२०३ अधिक ५०). २८-४५१ची होते २५३.५. म्हणजे जाड टायरच्या ४०६साठी बनवलेल्या डिस्क फोर्कमध्ये बारीक टायरचं ४५१ चाक आरामात फिरतं. शोध घेताना दोन्ही आकडे टाकून बघा, पर्याय वाढतात.

डिस्क आहे म्हणजे कुठलाही फोर्क चालतो, हा समज

वरची पळवाट डोक्यात गेली, की पुढची चूक ठरलेली: ‘रिमशी संबंधच नाही, तर २६ इंची माउंटन बाइकचाच फोर्क घालू की.’ चाक त्यात बसतं, ब्रेकही लागतो. सायकल मात्र बिघडते.

इथे कळीचं माप आहे ते एक्सलपासून (चाकाच्या आसापासून) क्राउनपर्यंतचं, म्हणजे फोर्कचे दोन पाय वर जुळतात तिथपर्यंतचं. फोर्क आडवा ठेवा. जिथे हेडसेटची (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगची) खालची रिंग बसते त्या कडेपासून एक्सलच्या मध्यापर्यंत, स्टीअरर ट्यूबच्या (हेडट्यूबमध्ये शिरणाऱ्या नळीच्या) रेषेत सरळ मोजा. पाय पुढे वळलेले असतात, त्या वळणावरून टेप नेऊ नका, आकडा चुकेल. ४०६च्या साध्या, सस्पेन्शन नसलेल्या फोर्कचं हे माप साधारण ३०० ते ३३० मिमी भरतं. २६ इंची फोर्क ४०० मिमीच्या आसपास किंवा त्याहूनही लांब असतो.

व्हीलबेस (दोन चाकांच्या आसांमधलं अंतर) मीटरभर धरला, तर पुढची बाजू २० मिमी उचलली की हेड अँगल (हेडट्यूबचा जमिनीशी कोन) साधारण एक अंशाने झोपतो. ९० मिमीने उचललीत तर पाच अंश. हँडल चालताना सैल, वळताना जड लागतं आणि चढावर पुढचं चाक इकडेतिकडे भरकटतं. बॉटम ब्रॅकेटही (पेडलांचा आस) ३५-४० मिमी वर जातो आणि सिग्नलला पाय टेकवायची पंचाईत होते. सीट मागे कलते ती वेगळीच. जुन्या फोर्कच्या मापापेक्षा १० मिमी इकडेतिकडे झालं तर चालवून घ्यावं. वीसच्या पुढे गेलं तर मी तो फोर्क घेणार नाही, मग कितीही स्वस्त मिळो.

लांबीइतकंच महत्त्व ऑफसेटला, म्हणजे स्टीअररच्या रेषेपेक्षा एक्सल किती पुढे आहे त्याला. याचा हिशोब फार कमी जण करतात आणि लहान चाकात तो सगळ्यात जास्त बोचतो. २४८ मिमी त्रिज्येचं चाक, ७२ अंशाचा हेड अँगल आणि ३२ मिमी ऑफसेट असेल तर ट्रेल (स्टीअररची रेषा जमिनीला लागते त्याच्या किती मागे टायर टेकतो ते अंतर) येतो साधारण ४७ मिमी. तेच ऑफसेट ४५ मिमी केलं तर ट्रेल घसरतो ३३वर. तेरा मिलिमीटरच्या फरकाने एक तृतीयांश ट्रेल गेला. एवढ्या कमी ट्रेलवर हँडल फार चंचल होतं, एक हात सोडून इशारा करायलाही भीती वाटते. विक्रेत्याकडे ऑफसेटचा आकडा नसेल, तर फोर्क बाजूने काढलेला फोटो मागवा. स्टीअररच्या मध्यावरून फुटपट्टी धरून अंदाज येतो.

जुन्याच फोर्कला टॅब वेल्ड करून घेणं

‘टॅब म्हणजे काय, एक पत्रा तर आहे’ असं म्हणणारा वेल्डर सगळीकडे भेटतो. त्याचं ऐकू नका. थोडं गणित करा: जोरात ब्रेक दाबल्यावर टायर आणि रस्त्यामध्ये ४०० न्यूटनचा अडथळा निर्माण झाला असं धरू. ४०६च्या चाकात रिम ब्रेकच्या पॅडवर तो साधारण ५०० न्यूटन होतो, आणि दोन्ही पायांत वाटला जाऊन वर क्राउनजवळ, जिथे नळी सगळ्यात मजबूत असते तिथे जातो. तोच भार १६० मिमीच्या रोटरच्या कॅलिपरवर जवळपास १,४०० न्यूटन होतो. तोही सगळाच्या सगळा एकट्या डाव्या पायावर, आणि तळाशी, जिथे रिम ब्रेकच्या फोर्कची नळी निमुळती नि पातळ केलेली असते. फोर्क तिथे आधी हलकेच वाकतो, मग कधीतरी तडकतो.

ॲल्युमिनियमच्या फोर्कला वेल्ड केलं तर त्याची हीट ट्रीटमेंटही जाते. कार्बनचा तर प्रश्नच नाही. पायाला पट्ट्याने आवळायचे क्लॅम्प अडॅप्टर मिळतात, तेही पुढच्या चाकाला नकोत. पुढचा फोर्क मोडला तर सावरायला वेळ मिळत नाही.

याच कारणाने एक्सलच्या खाचेकडे बघा. कॅलिपर डाव्या पायाच्या मागे असला, की ब्रेक दाबल्यावर एक्सल खालच्या बाजूला ढकलला जातो. खाच थेट खाली उघडणारी असेल तर कडेला चाक अडवणारे ओठ हवेतच. ‘चाक काढायला त्रास होतो’ म्हणून कानसने ते घासून टाकू नका. खाच पुढच्या दिशेला उघडणारी असेल किंवा थ्रू-एक्सल (खाचेऐवजी भोकातून आरपार जाणारा आस) असेल तर उत्तमच.

७४ आणि १०० यांतला फरक न बघणं

बहुतेक सायकलींचा पुढचा हब (चाकाचा मधला भाग) १०० मिमी रुंदीचा असतो. ब्रॉम्प्टन आणि डाहोनच्या अनेक घडीच्या मॉडेलांत तो ७४ मिमी असतो. नवा डिस्क फोर्क १०० मिमीचा घेतलात तर जुनं चाक निकामी. पण डिस्कसाठी नवा हब लागणारच असतो, तेव्हा १०० मिमीवर जाणंच शहाणपणाचं. ७४ मिमीचे डिस्क हब मिळतात, मात्र रोटरची जागा काढून घेतल्यावर दोन फ्लँज (स्पोक अडकवायच्या कडा) एकमेकांच्या फार जवळ येतात आणि चाक बाजूच्या धक्क्याला कमकुवत होतं. १०० मिमीच्या फोर्कने घडी बंद होते का, हे मात्र आधी तपासा. घडी घातल्यावर रोटर कुठे टेकतो तेही बघा, नाहीतर पहिल्याच प्रवासात तो वाकून येईल.

चाक बांधताना स्पोक सरळ, म्हणजे रेडियल लावू नका. डिस्कचा सगळा जोर हबपासून रिमपर्यंत स्पोकमधूनच जातो, त्यासाठी ते एकमेकांना ओलांडून जायला हवेत. मोठ्या चाकाची तीन क्रॉसची (एका स्पोकने तीन स्पोक ओलांडायची) सवय इथेही नको. लहान रिममध्ये स्पोक निपलमध्ये (स्पोक रिमला आवळणाऱ्या नटमध्ये) फार तिरका शिरतो आणि तिथेच तुटतो. ४०६ला दोन क्रॉस, ३४९ला किंवा त्याहून लहान चाकाला एक क्रॉस बरा.

स्टीअरर विसरणं

एक इंची स्टीअररचा बाहेरचा व्यास २५.४ मिमी, एक पूर्णांक एक-अष्टमांश इंची स्टीअररचा २८.६. मोठा स्टीअरर लहान हेडट्यूबमध्ये जात नाही. लहान स्टीअरर मोठ्या हेडट्यूबमध्ये रिड्यूसर हेडसेट घालून बसतो. स्टीअररवर आटे आहेत की नाहीत आणि लांबी किती, हेही विचारा. काही घडीच्या सायकलींत हँडलचा उंच खांब साध्या स्टेमसारखा बसत नाही, स्टीअररच्या आतल्या बोल्टने खाली ओढून आवळला जातो. तिथे बाहेरचा फोर्क घेण्याआधी तो खांब सोडवून आत काय आहे ते डोळ्यांनी बघाच.

माउंटचा प्रकार, आयएस की पोस्ट (कॅलिपर बोल्टने आवळायच्या दोन पद्धती), ही त्या मानाने किरकोळ बाब. अडॅप्टर मिळतो. फ्लॅट माउंट असेल तर कॅलिपरही फ्लॅट माउंटचाच घ्या.

मोठ्या रोटरचा सोस

लहान चाकाला थांबवायला मुळातच कमी टॉर्क लागतो. ४०६च्या चाकाला ७०० सीच्या (मोठ्या रोड सायकलच्या चाकाच्या) तुलनेत सुमारे पाव भाग कमी. १४० मिमीचा रोटर इथे मोठ्या सायकलच्या १८०पेक्षाही जास्त लिव्हरेज देतो. म्हणून एरवी १४० पुरतो. लांब घाट, जड सामान किंवा मागे मूल बसणार असेल तर उष्णतेसाठी १६०. त्याच्या वर जाऊन फोर्कच्या डाव्या पायाला उगाच छळू नये.

लिव्हरही जुळवा. केबलच्या डिस्क कॅलिपरमध्ये एव्हिडच्या बीबी७सारख्या मॉडेलची माउंटन आणि रोड अशी दोन रूपं येतात. व्ही-ब्रेकचा लिव्हर जास्त केबल ओढतो, त्याला माउंटनचा कॅलिपर लागतो. उलटसुलट जोडलंत तर लिव्हर एकतर हँडलला टेकतो, नाहीतर दगडासारखा कडक लागतो.

मग शोधायचं कुठे?

पुढे २० इंची चाक असलेल्या लांब कार्गो सायकलींचे सुटे फोर्क मजबूत असतात, वजन मात्र जास्त. २० इंची ट्रायल्स (अडथळ्यांवरून उड्या मारायच्या) सायकलींचे फोर्क आखूड पण राकट. मडगार्डची भोकं नसतात. डिस्क मिनीव्हेलोचा सुटा फोर्क मिळाला तर सोन्याहून पिवळं. मुलांच्या माउंटन बाइकचा सस्पेन्शन फोर्क सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निराशाजनक: लांब, जड आणि मुलांच्या वजनासाठी बनवलेला. काहीच जमलं नाही तर स्टीलचा फोर्क बनवून घ्या. कारागिराला एक्सल ते क्राउन, ऑफसेट, हबची रुंदी, स्टीअरर, टायर आणि रोटर एवढी सहा मापं लिहून द्या.

बसवल्यावर आवाज आला तर

ब्रेक दाबल्यावर हँडल थरथरत असेल तर आधी हेडसेट तपासा. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे ढकला, हेडसेटवर बोट ठेवा. टकटक जाणवली तर तो सैल आहे. तो घट्ट असूनही थरथर राहिली तर फोर्क बारीक आहे, आणि त्यावर पॅड बदलून इलाज होत नाही. रोटर एकाच जागी घासत असेल तर तो वाकलाय. सगळीकडे घासत असेल तर कॅलिपर तिरका आहे: बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा, तसेच आळीपाळीने आवळा. तरीही तो तिरकाच बसत असेल तर माउंटवरचा रंगाचा थर खरवडायला हवा. नुसता किंचाळण्याचा आवाज नव्या पॅडचा असू शकतो. मध्यम वेगाने वीस-एक वेळा ब्रेक लावून ते बसू द्या आणि रोटरला तेलकट बोट लावू नका.

यातलं काहीच जुळत नसेल तर स्टर्मी-आर्चरच्या ७० किंवा ९० मिमी ड्रम ब्रेकच्या हबचा विचार करा. त्याला डिस्कचा माउंट लागत नाही, फक्त रिॲक्शन आर्म (ब्रेकचा जोर फोर्कवर घेणारा दांडा) डाव्या पायाला पट्टीने बांधावा लागतो. लहान चाकात ७० मिमीचा ड्रमही चांगला धरतो. आर्मचा जोर त्याच पायावर येतो, तेव्हा फोर्क जाड नळीच्या स्टीलचा असेल तरच.