गावठी कट्टा (देशी पिस्तूल) सापडला, पण आरोपीला माहीत होतं हे कसं शाबीत करायचं?

घरझडतीत कट्टा मिळाला एवढ्यावर शस्त्र अधिनियमात शिक्षा लागत नाही. ताबा म्हणजे वस्तू आपल्याकडे आहे याची जाणीव आणि तिच्यावर हुकमत, हे सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (1972) या निकालात सांगितलं आहे. हत्यार अंगावरच मिळायला हवं असं नाही.

जाणीव कुणी कबूल करत नसतं, ती पंचनाम्यातून दिसावी लागते. ‘आरोपीच्या खोलीत एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे मिळून आली’ हे वाक्य उलटतपासात टिकत नाही. कपाट कुणाचं, कुलूप होतं का, किल्ली कुणी काढून दिली, कट्टा कुठल्या कप्प्यात, कशात गुंडाळलेला, त्याच कप्प्यात आरोपीचे कपडे किंवा आधार कार्ड होतं का, सगळं लिहा. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडतीचं चित्रीकरण लागतंच. पंच फितूर झाले तर तेच कामाला येतं. सील जागेवरच करा, नाहीतर प्रयोगशाळेत तपासलेला कट्टा हाच का, असा प्रश्न येणार.

खोलीत तिघे भाडेकरू किंवा गाडीत चौघे असतील तर शस्त्र अधिनियमाचं कलम 35 आहे, त्यात सामायिक ताब्यातल्यांना जबाबदार धरता येतं. पण ते सरसकट लागत नाही. ज्याला माहिती असावी असं मानायला कारण आहे, त्याच्यापुरतंच. ते कारण प्रत्येकाबाबत वेगळं दाखवा.

याच अधिनियमाच्या कलम 3 च्या (विनापरवाना हत्यार) गुन्ह्यात खटला भरायला कलम 39 ची मंजुरी हवी. नाशिक शहर आयुक्तालयाच्या हद्दीत ती पोलीस आयुक्तांकडून, सिन्नर-निफाडकडे जिल्हाधिकाऱ्यांकडून. आडगावच्या पुढे हायवेवर पकडलं असेल तर हद्द आधी तपासा.

आरोपी जुना शिक्षा झालेला असेल तर कलम 9 बघा. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झालेल्याला शिक्षा संपल्यापासून 5 वर्षं बंदूक बाळगता येत नाही, लायसन्स असलं तरी. निकालाची प्रमाणित प्रत एकटी पुरत नाही. तो माणूस हाच, हे सांगणारा साक्षीदार लागतो. शिक्षा कधी संपली त्याचा तुरुंगाचा दाखलाही जोडा. अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या रेहाइफ निकालापासून (2019) आपण बंदूक बाळगायला बंदी असलेल्या गटात मोडतो हे आरोपीला ठाऊक होतं, हेही सरकारला शाबीत करावं लागतं. आपल्या कलमात तसे शब्द नाहीत. तरी शिक्षा सुनावली त्या दिवशीचा रोजनामा (न्यायालयाच्या त्या दिवसाच्या कामाची नोंद) काढून ठेवा. आरोपी हजर होता हे त्यात असतं, मग ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही.