एक मैदान, दोन संघ: बेसबॉल आणि मैदानी स्पर्धांचा शालेय हंगाम कसा बसवावा

पुण्यातल्या बऱ्याच शाळांत बेसबॉलचा संघ आणि मैदानी स्पर्धांचा संघ कागदावर दोन असतात, मैदानावर मुलं बरीचशी तीच. जी मुलगी १०० मीटर पळते तीच सेंटर फील्डला (मैदानाच्या मागच्या भागात मधोमध) उभी राहते. ज्याचा खांदा दमदार, तो पिचिंगही (बॅटरकडे बॉल फेकणं) करतो आणि भालाही फेकतो. दोन सरावांच्या दोन वह्या ठेवल्या तर प्रत्येक वहीत ताण माफक दिसतो, आणि ऐन स्पर्धेच्या आठवड्यात कोपर किंवा मांडी धरते. म्हणून जूनमध्ये एकच वही घाला. प्रत्येक मुलापुढे रोज दोन आकडे लिहायचे: जोर लावून केलेल्या फेकी किती आणि पूर्ण वेगाने पळालेले मीटर किती. बाकी सगळं नियोजन या दोन आकड्यांवर चालतं.

तारखा मागून मोजा

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून स्पर्धांचं वेळापत्रक आलं की पहिल्या सामन्याच्या तारखेपासून दहा आठवडे मागे या. वेळापत्रक उशिरा येतं म्हणून थांबू नका. मागच्या वर्षीची तारीख धरून सुरुवात करा. पहिले चार आठवडे अंगमेहनत आणि फेकीचं तंत्र, पुढचे चार वेग आणि सामन्याचा सराव, शेवटच्या दोन आठवड्यांत पळण्या-फेकण्याची संख्या निम्म्यावर. वेग मात्र कमी करायचा नाही. शेवटच्या आठवड्यात मुलांना नुसतं रमतगमत पळवलं तर स्पर्धेच्या दिवशी पाय जड वाटतात.

या दहा आठवड्यांत घटक चाचणी येते, गणेशोत्सव येतो. त्याआधी कित्येक मुलं संध्याकाळी ढोलपथकाच्या सरावाला जातात. ढोल कमरेला बांधून तास-दोन तास वाजवणं म्हणजे पाठ आणि खांद्याला पुरेपूर काम आहे. मुलाला पथक सोडायला लावू नका, पण वहीत त्याची नोंद करा आणि दुसऱ्या दिवशी त्याला पिचिंग देऊ नका.

डायमंड (चार बेसचा चौकोन) आखणे

दोन मोजणीच्या टेप (फायबर किंवा स्टीलच्या), चार खुंट्या, सुतळी आणि फक्की एवढं पुरतं. नायलॉनच्या दोरीने मोजू नका, ती ताणली जाते. आधी दिशा ठरवा. होम प्लेटकडून (बॅटर उभा राहतो तो कोपरा) समोरच्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या बेसकडे जाणारी रेघ साधारण पूर्व-ईशान्येला ठेवली की संध्याकाळचं ऊन बॅटरच्या डोळ्यांवर येत नाही. जागेमुळे तसं जमत नसेल तर निदान रस्ता आणि वर्गांच्या खिडक्या फटक्याच्या दिशेत येणार नाहीत एवढं पाहाच.

होम प्लेटच्या मागच्या टोकाशी पहिली खुंटी ठोका. तिथून ठरलेल्या दिशेला ३८.८० मीटरवर दुसऱ्या बेसची खुंटी. आता एक टेप होमच्या खुंटीला आणि दुसरी दुसऱ्या बेसच्या खुंटीला लावा, दोन्हींवरची २७.४३ मीटरची खूण उजवीकडे जिथे जुळते तिथे पहिला बेस, डावीकडे जुळते तिथे तिसरा. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतरही ३८.८० भरलं पाहिजे. नाही भरलं तर टेप कुठेतरी झोळ खातेय, पुन्हा ताणून मोजा. पिचर पाय टेकवतो त्या पट्टीची पुढची कड होमच्या मागच्या टोकापासून १८.४४ मीटरवर येते. पहिला आणि तिसरा बेस पूर्णपणे चौकोनाच्या आत ठेवायचे, खुंटीवर मधोमध नाही. ही अंतरं मोठ्या मुलांच्या पूर्ण मैदानाची आहेत. तुमच्या वयोगटासाठी परिपत्रकात वेगळं अंतर दिलं असेल तर तेच घ्या आणि कर्ण (होम ते दुसरा बेस) मात्र बाजूच्या १.४१४ पट धरा.

पावसाळ्यात फक्की एका सरीत वाहून जाते. आखणी झाली की खुंट्यांच्या जागी लोखंडी खिळे जमिनीलगत ठोकून त्यांना रंगीत कापड बांधा, म्हणजे पुन्हा मोजायला लागत नाही. खिळ्याचं डोकं वर राहता कामा नये.

छोट्या मैदानावर २०० मीटरचा ट्रॅक

साधारण ८९ बाय ४६ मीटर मोकळी जागा असेल तर चार लेनचा २०० मीटरचा ट्रॅक बसतो. सरळ बाजू ४३.४५ मीटरची, वळणाच्या आतल्या रेघेची त्रिज्या १७.८० मीटर, लेनची रुंदी १.२२ मीटर. फक्कीच्या रेघेपासून २० सेंटिमीटर बाहेर अंतर मोजलं जातं, म्हणून पळण्याची त्रिज्या १८ मीटर होते आणि एक फेरी बरोबर २०० भरते. एका फेरीच्या शर्यतीला दुसऱ्या लेनची सुरुवात ७.६७ मीटर पुढे, तिसरीची १५.३३, चौथीची २३ मीटर. इथे अंदाजाने पावलं मोजली तर निवड चाचणीत बाहेरच्या लेनच्या मुलावर अन्याय होतो.

ट्रॅकच्या आतला भाग आणि आउटफील्ड (बेसच्या चौकोनापलीकडचं मैदान) एकमेकांवर येतात. बॅटिंग चालू असताना ट्रॅकवर कुणीही नको. पळणं आधी, बॅट नंतर. याला सुरक्षेइतकंच दुसरंही कारण आहे: पूर्ण वेगाचं पळणं ताज्या पायांनीच करायचं असतं. दमल्यावर केलेल्या स्प्रिंटमध्ये वेग येत नाही, मांडीचा मागचा स्नायू मात्र ओढला जातो.

पिचरचा हात

इथे कसलीही सवलत देऊ नये. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाडाची वाढ होणारा भाग कच्चा असतो, आणि त्याच जागी वेगवान फेकीचा सगळा ताण येतो. अमेरिकेत 'पिच स्मार्ट' नावाने वयानुसार मर्यादा ठरवून दिल्या आहेत, त्या आपल्याकडेही जशाच्या तशा वापराव्यात. १३ ते १६ वर्षांच्या पिचरने एका दिवसात ९५ च्या वर पिच टाकू नयेत, १७-१८ वर्षांच्याने १०५ च्या वर. विश्रांतीचा हिशेब १५-१६ वर्षांसाठी असा: ३० पर्यंत पिच असतील तर दुसऱ्या दिवशी चालेल, ३१ ते ४५ असतील तर एक दिवस सुट्टी, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन, त्यापुढे चार. १३-१४ वर्षांच्या मुलांना एक दिवसाची सुट्टी २१ व्या पिचपासूनच लागू होते आणि ६६ पासून चार दिवस.

या कमाल मर्यादा आहेत, सरावाचं लक्ष्य नव्हे. जुलैत पहिल्यांदा माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) उभं राहणाऱ्या मुलाला २५-३० पिच पुष्कळ. मोजणी राखीव खेळाडूच्या हातात पेन्सिल देऊन करा. प्रशिक्षकाला सामन्यात भान राहत नाही. पिचिंग झालेल्या मुलाला त्याच दिवशी कॅचर (बॅटरमागे बॉल झेलणारा) करू नका, कारण कॅचरच्या फेकीही तेवढ्याच होतात. आणि पिचरला भालाफेकीत उतरवू नका. खांदा दमदार आहे म्हणून दोन्हीकडे नाव घालण्याचा मोह होतो. त्याला गोळाफेक किंवा लांब उडी द्या.

थकवा ओळखायची खूण सोपी आहे. पिच सतत उंच जायला लागले, कोपर खांद्याच्या खाली उतरलं, की आकडा कितीही असो, बदला. कोपराच्या आतून दुखतंय असं मूल म्हणालं तर फेक त्याच क्षणी बंद; मलम चोळून पुन्हा उभं करू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

वेग आणि रिले

बेसबॉलच्या मुलांसाठी ३० मीटर हे सोन्यासारखं अंतर आहे, कारण दोन बेसमधलं अंतर जवळजवळ तेवढंच. दहा मिनिटं हलकं पळणं, पायांचे झोके, ६० मीटरच्या चार वाढत्या वेगाच्या धावा, मग ३० मीटरचे सहा स्प्रिंट. दोन स्प्रिंटमध्ये पूर्ण तीन मिनिटं थांबायचं. वेळ कमी आहे म्हणून ही विश्रांती कापली तर तो वेगाचा सराव राहत नाही. आठवड्यात असे दोनच दिवस, मध्ये किमान ४८ तास.

४x१०० रिलेत पहिला धावपटू बॅटन उजव्या हातात धरतो, दुसरा डाव्यात घेतो, तिसरा उजव्यात, चौथा डाव्यात. मग कुणालाच हात बदलावा लागत नाही. बदलाचा टप्पा ३० मीटरचा असतो आणि बॅटन त्याच्या आत हातात पडला पाहिजे. पंच बॅटन कुठे आहे ते बघतात, पाय कुठे आहेत ते नाही. घेणाऱ्याने उभं राहायच्या जागेपासून मागे स्वतःची २० बुटं मोजून खूण करावी. येणारा त्या खुणेवर आला की मागे न बघता सुसाट सुटायचं. येणारा अंगावर आदळत असेल तर खूण दोन बुटं मागे न्या; हात पुरत नसेल तर पुढे आणा. ही खूण ओल्या गवतावर ठरवली तर सिंथेटिक ट्रॅकवर चुकते, म्हणून स्पर्धेआधी एक-दोनदा तरी सणस मैदान किंवा बालेवाडीच्या ट्रॅकवर परवानगी घेऊन ती पक्की करा. सिंथेटिकवर स्पाइक ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही, आणि बेसबॉलचे बूट घालून तिथे जाऊच नका.

पावसाचे दिवस

चिखलात स्प्रिंट नाही, उड्या नाहीत. चामड्याचा बॉल भिजला की जड होतो, शिवण फुगते, आणि तोच बॉल फेकल्याने खांदा दुखावतो. अशा दिवशी व्हरांड्यात भिंतीवर टेनिस बॉल मारून ग्राउंडर (जमिनीलगत येणारा बॉल) अडवणं, टॉवेल हातात धरून पिचिंगची हालचाल, जागेवर बॅटन देणं-घेणं. ग्लोव्ह भिजला तर पुसून आत बॉल ठेवून दोरीने बांधा आणि सावलीत वाळवा; उन्हात ठेवला की चामडं तडकतं. ॲल्युमिनियमच्या बॅटवर आठवड्यातून एकदा बोटं फिरवा, चीर किंवा धारदार पोचा सापडला तर बॅट बाद. हेल्मेटशिवाय बॅटिंग नाही, सरावातही.

नावं पाठवताना

गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे असतात. जन्मतारखेची सीमा दरवर्षी परिपत्रकात बघा आणि जनरल रजिस्टरमधली तारीख, जन्मदाखला व आधार या तिन्ही ठिकाणी ती एकच आहे ना, हे जुलैतच तपासा. नावाच्या स्पेलिंगमधला फरकसुद्धा टेबलावर अडवतो. दोन्ही खेळांत नाव असलेल्या मुलांची वेगळी यादी करा. त्यांच्या तारखा एकाच दिवशी आल्या तर पिचरने पिचिंग करायचं आणि मैदानी प्रकार सोडायचा. धावपटूला आधी शर्यत, मग दुपारचा सामना चालतो, उलटं चालत नाही. सहभागाची प्रमाणपत्रं मुलांच्या हाती देण्याआधी शाळेत प्रती ठेवा. दहावी-बारावीच्या क्रीडागुणांचा प्रस्ताव पाठवताना तीच लागतात.