रविवारच्या तंगडीवर सांधे कसे समजून घ्यायचे

पोरांना सांध्यांचे प्रकार नुसते पाठ करायला लावू नका, परीक्षा झाली की विसरतात. त्यापेक्षा चिकनवाल्याला सांगा, अख्खी तंगडी दे, मांडी आणि लेग पीस वेगळे न करता, आणि एक पिवळा पंजा पण टाक. कच्चीच पाहिजे, शिजली की सगळं सुटून येतं.

आधी स्वतःचा हात घ्या. कोपर दुमडा, उघडा, झाली दाराची बिजागरी. आता कोपर टेबलावर टेकवून तळहात उलटासुलटा करा, इथे बिजागरी हलत नाहीये, तर अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडावरून तिरकं फिरतंय. खांदा उखळीचा सांधा, गरागरा फिरतो, पण उखळ उथळ म्हणून निखळतोही पटकन. खुब्याची उखळ खोल, म्हणून पाय हाताएवढा फिरत नाही पण सहज निखळतही नाही.

मग तंगडी. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोल गोळा दिसेल, तो खुब्यातला. आता गुडघा दुमडून बोटाने फट शोधा आणि तिथेच सुरी घाला, बरोबर जागा सापडली तर हाड कापावंच लागत नाही, जोर लागला तर समजा चुकलात. पांढरे चिवट पट्टे कापले जातील, ते हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध. आत टोकांवर निळसर पांढरी चकचकीत कूर्चा असते, बोट फिरवून बघा किती बुळबुळीत, ती बुळबुळ म्हणजे सांध्यातलं वंगण.

खरी मजा पंज्यात आहे. कापलेल्या टोकाला पांढऱ्या दोऱ्या दिसतात, मागची चिमट्याने ओढा, बोटं मिटतात, पुढची ओढली की उघडतात (आमची धाकटी किंचाळली आणि मग अर्धा तास पंजा सोडेना). म्हणजे बोटं हलवणारे मोठे स्नायू पंज्यात नाहीतच, वर लेग पीसमध्ये आहेत, जे आपण खातो ते. आपलंही बरचसं तसंच, मनगटाच्या वर हात घट्ट धरून बोटं नाचवा, आत हालचाल लागते हाताला.

आता पोरांना विचारा, लेग पीस आणि पिवळा पंजा जुळतात तो सांधा कुठला? सगळे गुडघा म्हणतात. तो घोटा आहे, गुडघा तर आपण आत्ताच कापला, कोंबडी नुसत्या बोटांवर चालते. कुत्र्याचंही हेच, मागच्या पायाचा तो उलटा वाकलेला "गुडघा" म्हणजे त्याची टाच, खरा गुडघा वर पोटाजवळ असतो आणि दुमडला की आपल्यासारखाच पुढे येतो. घोड्याच्या पुढच्या पायाचा गुडघा म्हणतात ते तर चक्क मनगट.

झालं की हात, पाट, सुरी, चिमटा सगळं साबणाने नीट धुवा आणि तंगडी रश्श्यात सोडा, टोकाची कूर्चा मी कुणाला देत नाही.