पातेरा (गळलेला सुका पाला), भुसा मातीत घालताय? या चुका टाळा

मागच्या दिवाळीनंतर फोंड्याला घरामागे तांबड्या भाजीचे वाफे केले, माती भुसभुशीत व्हावी म्हणून सुताराकडून दोन पोती लाकडाचा भुसा आणला आणि सरळ मातीत कालवला. पंधरा दिवसांत भाजी पिवळट, वीतभर पण वाढेना. आई म्हणाली पाणी कमी पडतंय, मी पाणी वाढवलं, आणखीच बिघडलं.

झालं काय, की पाला कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला कार्बनबरोबर नायट्रोजनपण लागतो, साधारण २५-३० भाग कार्बनला १ भाग. भाताच्या गवतात १ भाग नायट्रोजनला कार्बन ६० भागांच्या वर असतो, भुशात तर शेकड्यांत, मग कमी पडलेला नायट्रोजन ते तुमच्या मातीतून ओढतात आणि रोप उपाशी! तो जात नाही कुठे, नंतर मोकळा होतो, पण तोवर भाजीचा सीझन संपतो ना. असं झालंच तर भुसा वेचत बसू नका, पातळ शेणकाला ओता नाहीतर ग्लिरिसिडियाचा (गिरिपुष्प झाडाचा) कोवळा पाला घाला, तो पटकन कुजतो. मी शेणकाला देत राहिलो, आणि त्याच वाफ्यात पावसाळ्यात सात शिरांचे भेंडे बरे आले. सुकं काही असेल तर वरून पसरा, मातीत कालवू नका.

काजूचा पातेरा लवकर कुजत नाही म्हणून लोक जाळतात. जाळलं की नायट्रोजन धुरात जातो, राखेत पोटॅश उरतं, ते पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातं. आपल्या जांभ्या मातीला अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद मुळात कमी, जे काय धरतं ते बरंचसं कुजलेल्या पाल्यामुळेच, त्यामुळे जाळणं म्हणजे घरचंच नुकसान.

खड्ड्यातलं खत मिरगानंतर उघडं ठेवलं तर पाणी भरतं, हवा जात नाही, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तसं झालं तर सगळं उपसून उंचवट्यावर ढीग करा, मधे सुका पातेरा घाला, वर चुडतं (माडाच्या झावळ्या) झाका.

नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) मात्र खुशाल पुरा, माडाभोवती चर खणून पोकळ बाजू वर ठेवून. फक्त ते खत समजू नका, कुजायला वर्षं लागतात, खरा उपयोग मे महिन्यात ओल धरायला.