ओपनसीव्ही, मराठी फोल्डर आणि वाया गेलेला रविवार

आजोबांचे जुने फोटो स्कॅन करून ठेवलेत, त्यांचा पिवळेपणा पायथनमध्ये ओपनसीव्हीने (फोटोंवर काम करणारी लायब्ररी) घालवावा म्हणून बसलो आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली. फोटो समोर दिसतोय, पाथ बरोबर आहे, तरी फोटो वाचणारं इमरीड फंक्शन नुसतं नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) देतंय, एरर वगैरे काही नाही (हा याचा जुना खोडसाळपणा, बोंब पुढच्या फंक्शनमध्ये येते). दोनदा इन्स्टॉल काढून टाकलं, जेपीजीचं पीएनजी केलं, शेवटी ट्यूब पेटली की फोल्डरचं नावच ‘आजोबा’ आहे! विंडोजवर इमरीडला देवनागरी पाथ झेपत नाही.

उपाय सोपाय, नमपाय या आकड्यांच्या लायब्ररीच्या फ्रॉमफाइलने फाइलचे बाइट्स वाचायचे, टाइप यूइंट८ (० ते २५५ चे आकडे) द्यायचा, आणि ते ओपनसीव्हीच्या इमडिकोडला द्यायचे, ते त्यांचा फोटो करतं. सेव्ह करताना उलटं, आधी इमएनकोड आणि मग टूफाइल.

मग फोटोखाली नाव टाकायला गेलो तर ओपनसीव्हीच्या पुटटेक्स्टने प्रश्नचिन्हांची माळ लावली, कारण त्याचे हर्शी फॉन्ट आस्कीपुरतेच (म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं). म्हणून पिलो ही दुसरी फोटो लायब्ररी घेतली, नोटो सान्स देवनागरी फॉन्ट दिला, तर वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरं फुटलेली. अक्षरं नीट जुळवायला त्याला राक्म ही लायब्ररी लागते आणि विंडोजवर राक्मला फ्रिबिडी या आणखी एका लायब्ररीची डीएलएल फाइल, ती टाकल्यावर ‘श्रीकृष्ण’ नीट उमटलं.

एक राहिलंच, ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल क्रमाने ठेवतं. पिलोत नेताना क्रम बदलायला विसरलो आणि आजोबा निळे झाले, आई म्हणाली हे कोण रे?