गुलाबाच्या पानाला गोल काप दिसला? फवारणीआधी या चुका टाळा

गुलाबाच्या पानाची कड कुणी कात्रीनं गोल कापून नेल्यासारखी दिसली की हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. तिथेच चूक होते. अळीनं खाल्लेलं पान वेडंवाकडं कुरतडलेलं असतं, खालच्या पानावर काळ्या बारीक लेंड्या पडतात. इथे कड अगदी स्वच्छ आणि लेंड्या कुठेच नाहीत. मग समजा, पानं कापणारी मधमाशी येऊन गेली.

ती पान खात नाही. माझ्या गॅलरीत ती बंद नळाच्या तोटीत शिरायची. पानाचा तुकडा पोटाखाली दुमडून धरलेला, जवळजवळ तिच्याच लांबीचा. लांबट तुकड्यांची ती विडीसारखी सुरळी करते, आत पराग आणि मकरंदाचा गोळा ठेवते, त्यावर एकच अंडं घालते आणि गोल तुकड्यांनी तोंड बंद करते. राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही, सगळं एकटीनं. चार-दोन पानांनी धडधाकट गुलाबाचं काही बिघडत नाही, पण फवारणीनं तिचा जीव जातो.

दुसरी तक्रार टोमॅटो-वांग्याची: फुलं येतात आणि गळतात. कडक उन्हाळ्यात उष्म्यानंही गळतात. पण हवा बरी असूनही फळ धरत नसेल तर माश्या येतात का ते बघा. या फुलांचे परागकोष नळीसारखे, टोकाला बारीक छिद्र असलेले. पराग बाहेर पडायला फूल थरथरवावं लागतं. आपल्या पोळ्यातल्या मधमाशीला ते जमत नाही. पोटावर निळे पट्टे असलेली एकांडी मधमाशी आणि काळा भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतात. तो गुंजारव कान दिला तर ऐकू येतो. त्या येत नसतील तर सकाळी फुलांच्या देठाला बोटानं हलकी टिचकी मारा. फुलोऱ्यावर कीटकनाशक नकोच. कडुनिंबाचं तेलसुद्धा फुलं वगळून, संध्याकाळी उशिरा.

अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी किंवा पेव्हर ब्लॉक घालणं मला सगळ्यात मोठी चूक वाटते. निळ्या पट्ट्यांची माशी मातीत, मातीच्या जुन्या भिंतीत बिळं करते. उन्हाचा एक कोपरा उघडा, न खणलेला राहू द्या.

नर्सरीतून भरगच्च पाकळ्यांची जास्वंद नि झेंडूच आणू नका. त्यांत पराग-मकरंद कमीच. एकेरी कॉसमॉस, सब्जा, परसात जागा असेल तर तूर लावा. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका.

पानं कापणाऱ्या मधमाशीसाठी बांबूच्या नळ्यांचं घरटं लावताना नळी दोन्ही बाजूंनी उघडी ठेवली तर माशी फिरकणारही नाही. मागचं टोक पेराच्या गाठीनं बंद हवं, भोक साधारण ६ ते १० मिलिमीटर, खोली १५ सेंटिमीटर. ते पावसापासून आडोशाला, वाऱ्यात झुलणार नाही असं पक्कं बांधा.

भुंगा तोंडासमोर घोंगावला म्हणून झाडूनं मारू नका. असा एका जागी तरंगत राहणारा बहुधा नर असतो, नराला नांगी नसते. मादीसुद्धा मुठीत धरल्याशिवाय सहसा डसत नाही.

आणि छाटणी दिवसाउजेडी करा. संध्याकाळी निळ्या पट्ट्यांचे नर वाळक्या काडीला जबड्यानं धरून ओळीनं झोपलेले असतात.